चाकांवरचे माजघर

जर्मनीस जाणारा आपल्याकडील प्रवासी बहुधा ऱ्हाइन नदीकाठचे किल्ले पाहतो, कोलोनच्या भव्य चर्चसमोर मान दुखेपर्यंत वर पाहत उभा राहतो आणि तेथून बर्लिनची वाट धरतो. कोलोन आणि बर्लिन यांना जोडणाऱ्या लोहमार्गावरच, वेस्टफालियाच्या सपाट शेतांमधून गाडी धावत असताना, रेडा-वीडेनब्रुक असे जोडनाव लिहिलेले एक स्थानक मागे पडते. अतिजलद गाड्या तेथे थांबत नाहीत. पहिले नाव मराठी कानाला मोठे गमतीचे लागते. आमच्या नात्यातील बालमंडळींनी तर "तुम्ही रेड्याला जाणार!" म्हणून आम्हांस निघेपर्यंत चिडवले. वस्तुतः ही एम्स नदीकाठची दोन वेगळी गावे. १९७० साली त्यांचे एक नगर झाले. स्थानक रेड्यास आहे आणि जुनी पेठ वीडेनब्रुकला. दोहोंच्या मधील नदीकाठी १९८८ साली मोठे उद्यान-प्रदर्शन भरले होते. त्या निमित्ताने फुललेली बाग आजही दोन्ही गावांना जोडून आहे.

आम्ही उभयता गेल्या वर्षी मे-जूनचे सहा आठवडे वीडेनब्रुकला राहिलो. आमची कन्या विवाहानंतर तेथे स्थायिक झाली आहे. एवढ्या मुक्कामात लांबलांबच्या शहरांचे दर्शन झाले असते, पण आमचा बहुतेक वेळ गेला तो विहीणबाईंच्या परसातील एका कोठारात, एका जुन्या मोटारीच्या पोटात. त्याची हकीगत सांगण्यापूर्वी गावाविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण त्या मोटारीचे अंतरंग याच गावच्या हातांनी घडलेले होते.

वीडेनब्रुकच्या जुन्या गल्ल्यांतून हिंडताना प्रथम डोळ्यांत भरते ते लाकूड. जाड तुळयांची चौकट उभारून तिच्यातील चौकोन भरून काढलेली तीनचारशे वर्षांची घरे येथे ओळीने उभी आहेत. तुळयांवर पंख्याच्या आकाराची नक्षी, रंगवलेल्या वेली आणि घर बांधणाऱ्याचे नाव व साल कोरलेले असते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या गावात चर्चच्या वेदी घडविणाऱ्यांच्या कार्यशाळा भरभराटीस आल्या. सुतार, मूर्तिकार, चित्रकार आणि सोन्याचा वर्ख चढविणारे कारागीर एका छपराखाली काम करीत, आणि त्यांच्या हातच्या वेदी दूरदूरच्या चर्चमध्ये जात. त्या परंपरेला 'वीडेनब्रुकचा संप्रदाय' असेच नाव पडले असून तिचे संग्रहालय गावात आहे. ज्याने जुन्या गोव्यातील बॉम जेझूचे सोनेरी लाकूडकाम पाहिले आहे, त्या गोमंतकीयाला तेथे परके वाटण्याचे कारण नाही. पुढे वेदींची मागणी ओसरली, परंतु लाकडाची विद्या गावात राहिली. फर्निचरचे नामांकित कारखाने आजही या नगरात आहेत.

याच वीडेनब्रुकमध्ये १८४४ साली योहान बेर्नहार्ड क्नोबेल नावाच्या लोहाराने आपली भट्टी पेटवली. लोहारकामातून घोडागाड्या आल्या, घोडागाड्यांतून मोटारींना जोडावयाच्या गाड्या आल्या, आणि 'वेस्टफालिया' हे प्रांताचे नाव एका कारखान्याचे नाव होऊन बसले. दुसऱ्या महायुद्धानंतर फोक्सवॅगन कंपनीने ८ मार्च १९५० रोजी आपल्या डबेवजा मोटारीचे नियमित उत्पादन सुरू केले. बेन पोन या डच व्यापाऱ्याने १९४७ साली आपल्या वहीत काढलेले ओबडधोबड रेखाचित्र हे तिचे मूळ. इंजिन मागे, चालक अगदी पुढे आणि मधली सारी जागा मोकळी, अशी तिची रचना. जर्मन लोक तिला लाडाने 'बुली' म्हणतात. मधली जागा मोकळी दिसली की ती कशाने भरावी हा विचार माणसाच्या मनात येतोच. १९५१ साली वेस्टफालियाने त्या जागेत बसेल असा लाकडी संच केला. आठवडाभर मोटारीतून माल वाहावा, शनिवारी संच आत ठेवावा, आणि बायकामुलांना घेऊन निघावे. रात्री त्याचाच बिछाना होई, सकाळी त्याच्यावरच न्याहारी. युद्धाने घरे आणि खिसे दोन्ही रिकामे केलेल्या त्या देशात हॉटेलचा खर्च थोड्यांनाच परवडत होता. त्या लाकडी संचाने कित्येक कुटुंबांना आल्प्स पर्वत ओलांडून इटलीचा समुद्र दाखविला. पुढे संचाची जागा कायमच्या कपाटांनी घेतली. हॅनोव्हरच्या कारखान्यातून रिकाम्या मोटारी वीडेनब्रुकला येत आणि घर होऊन बाहेर पडत.

या मोटारी आपल्यालाही अनोळखी नाहीत. १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून युरोपातील तरुण-तरुणी अशाच गाड्या हाकीत तुर्कस्थान, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान या मार्गाने भारतात येत आणि कळंगुट, हणजुणे येथील माडांखाली मुक्काम ठोकीत. १९७९ साली इराणात क्रांती झाली, वर्षअखेरीस अफगाणिस्तानात सोव्हिएत सैन्य शिरले आणि तो खुष्कीचा मार्ग बंद पडला. आपण त्या गाड्या बाहेरून पाहिल्या. त्यांवरील रंगीत फुले पाहिली. आत काय होते याची चौकशी आपण क्वचितच केली असेल.

आमच्या व्याह्यांची गाडी १९७६ सालची. साडेचार मीटर लांब आणि पावणेदोन मीटरांहून थोडी कमी रुंद. एवढ्या जागेत डाव्या अंगाला ओट्यासारखे लांब कपाट, त्यात दोन शेगड्या व हात धुण्याचे भांडे, मागे उलगडले की बिछाना होणारे बाक, एका पायावर उभे राहणारे मेज, आणि वर उचलता येणारे छप्पर, ज्याच्या पोटात मुलांनी निजायचे. व्याह्यांनी ती गाडी नवी घेतली होती. तिच्यातच त्यांची मुले वाढली. ते निवर्तले तेव्हापासून, म्हणजे नऊ वर्षे, ती कोठारात उभी होती. कोठाराचे छप्पर एका कोपऱ्यात गळत होते, हे कोणाच्या ध्यानात आले नव्हते.

आमच्या जावईबापूंनी गाडी दुरुस्त करण्याचे मनावर घेतले होते. जर्मनीत तीस वर्षांहून जुन्या वाहनास, ते मूळ स्वरूपात आणि चांगल्या स्थितीत असल्याचे परीक्षकाने मान्य केले, तर नंबराच्या शेवटी 'एच' हे अक्षर मिळते. १९९७ पासून ही पद्धत आहे. त्या अक्षराला तेथे मोठा मान आहे आणि करही माफक पडतो. जावईबापूंनी जुने माहितीपत्रक मिळविले होते, आणि गाडीचे अंतरंग त्यातील चित्रासारखे तंतोतंत करावयाचे, असा त्यांचा निश्चय होता. अडचण अशी की व्याह्यांनी आयुष्यभर त्या चित्रात आपल्या हाताने भर घातली होती. मसाल्याच्या डब्यांसाठी एक अरुंद फळी, कॉफीची किटली टांगण्याचा आकडा, विहीणबाईंच्या गुडघ्यांसाठी दाराशी केलेली बुटकी पायरी. चित्रात यांपैकी काहीच नव्हते. जावईबापू म्हणत, ही भर काढली पाहिजे. आमची कन्या म्हणे, राहू द्यावी. विहीणबाई काही बोलत नसत. त्या रोज दुपारी कोठाराच्या दारात खुर्ची टाकून बसत आणि शतावरीचे पांढरे कोंब सोलत. हा त्या मोसमातील वेस्टफालियाचा लाडका पदार्थ.

कामास बोलाविलेले वृद्ध सुतार गावातलेच. तरुणपणी ते अशाच गाड्यांच्या कपाटांची जुळणी करीत असत. त्यांनी पहिल्या दिवशी कपाटांना हातच लावला नाही. हातात बादली घेऊन त्यांनी प्रत्येक खिडकीवर पाणी ओतले आणि आत बसून ते कोठून येते ते पाहत राहिले. "आधी पाणी, मग लाकूड," एवढेच ते म्हणाले. आषाढात फुगलेली दारे खांद्याने ढकलून उघडणाऱ्या गोमंतकीयाला हे समजावून सांगावे लागत नाही. खिडक्यांच्या रबरी पट्ट्या वयोमानाने टणक झाल्या होत्या, त्यांच्या फटींतून पाणी आतल्या पाटीमागे उतरत होते, आणि पाटीमागे भरलेला थंडी अडविणारा कापसासारखा थर ते स्पंजाप्रमाणे धरून ठेवीत होता. पाटी काढली तेव्हा वरून धडधाकट दिसणाऱ्या पत्र्याला मागून गंजाने खाल्लेले आढळले. आतून सुरू झालेला हा गंज बाहेर दिसू लागतो तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो.

त्यानंतरचे दहा दिवस गाडी रिकामी करण्यात गेले. प्रत्येक वस्तू काढण्यापूर्वी तिचे छायाचित्र, प्रत्येक स्क्रू कागदी पुडीत, पुडीवर क्रमांक. हे लेखनिकाचे काम आमच्याकडे आले आणि आम्ही ते मनापासून केले. जमिनीवरचे कापड उचलले, त्याखालचे प्लायवूड उचलले, गंजका पत्रा कापून तेथे नवा जोडला, त्यावर गंजरोधक रंगाचे दोन हात दिले. खिडक्यांना नव्या पट्ट्या बसल्या. पुन्हा बादली आली, पुन्हा पाणी ओतले. आत थेंब आला नाही, तेव्हा कोठे सुतारांनी आपली हत्यारांची पेटी उघडली.

त्या पेटीत गुण्या होता, पण तो त्यांनी बाजूला ठेवून दिला. या गाडीत काटकोन नाही, असे ते म्हणाले. मोटारीच्या भिंती बाहेर फुगीर, छत कमानदार, चाकांवरचे उंचवटे गोल. त्यामुळे प्रत्येक कपाटाची मागची कड भिंतीच्या वळणाबरहुकूम कापावी लागते. जुनी फळी कुजलेली असली तरी ती फेकून देत नाहीत. तिच्यावरूनच जाड कागदाचा खाका काढतात आणि तो भिंतीला लावून थोडा थोडा तासतात. लाकूडही घरच्या कपाटांसारखे जाड चालत नाही. पन्नास अश्वशक्तीच्या इंजिनाला आल्प्सचा चढ चढायचा असतो, तेथे प्रत्येक किलो मोजावा लागतो. म्हणून पातळ प्लायवूड, त्यावर सनमायकासारखा लाकडाचा भास देणारा थर, आणि कडेला खाच पाडून तीत ठोकलेली प्लास्टिकची पट्टी. पाणी शिरते ते त्या कडेतूनच. ज्या फळ्यांची पट्टी शाबूत होती त्या सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस वर्षांनंतरही ठणठणीत होत्या, आणि जिथे ती निखळली होती तिथे थर सुटून फळी पुस्तकाच्या पानांसारखी उलगडली होती. सुतारांनी चांगल्या फळ्या जशाच्या तशा ठेवल्या, काहींची फक्त कुजलेली कड कापून तेथे नवा तुकडा सांधला, आणि अगदी गेलेल्या तेवढ्याच बदलल्या.

बाकाखालची, म्हणजे बिछान्याची मोठी फळी त्यांनी उलटी केली तेव्हा ते थांबले आणि त्यांनी विहीणबाईंना हाक मारली. फळीच्या खालच्या अंगाला, जेथे कोणाची दृष्टी जाण्याचे कारण नव्हते, पेन्सिलीने बारीक अक्षरांत ओळीच ओळी लिहिलेल्या होत्या. प्रत्येक ओळीत साल, ठिकाण आणि मोटारीच्या काट्यावरील किलोमीटर. ब्रेनरची खिंड, गार्दा सरोवर, पुन्हा गार्दा, एका वर्षी यूगोस्लाव्हियाचा किनारा. एका ओळीपुढे केवळ "पाऊस" असे होते. मधली तीन वर्षे नव्हती. ती धाकट्याच्या आजारपणाची, असे विहीणबाई म्हणाल्या. अर्धी शतावरी हातात तशीच धरून त्यांनी सारी यादी वाचली. पतीने असे काही लिहून ठेवले आहे हे त्यांना ठाऊक नव्हते.

फळीचा अर्धा भाग मात्र पार कुजला होता. तिच्यावर माणसांनी निजणे धोक्याचे होते. जावईबापूंचा आवाज त्या दिवशी प्रथमच खाली आला. माहितीपत्रकाचे नाव न काढता ते म्हणाले, की फळी तशीच ठेवू, वरून नवी फळी ठोकू. कन्येच्या मते ती काचेत बसवून दिवाणखान्यात लावावी. आम्हांला तोच मार्ग योग्य वाटत होता, परंतु पाहुण्यांनी अशा वेळी मत देऊ नये म्हणून आम्ही गप्प राहिलो. मग इतके दिवस न बोललेल्या विहीणबाई बोलल्या. कन्येने ते आम्हांस भाषांतरून सांगितले, ते असे : "मला तिच्यावर निजायचे आहे. कुजलेले आहे ते कापा. चांगले आहे ते कामाला लावा. आणि भिंतीवर लावायचे नाही. ते त्यांनी कोणाला दाखविण्यासाठी लिहिले नव्हते."

सुतारांनी मान डोलावली. बिछान्याची फळी नवी झाली. जुनीचा निरोगी भाग, ज्यावर बहुतेक ओळी होत्या, त्यांनी बाकाखालच्या पेटीचे झाकण म्हणून बसविला. अक्षरे आतल्या अंगाला. भांडी काढण्यासाठी झाकण उचलणाऱ्यालाच ती दिसतात. मसाल्याची फळी, किटलीचा आकडा आणि पायरी यांवर मग वाद उरला नाही. सुतार जावईबापूंना म्हणाले, "तुझ्या वडिलांनी हे केले त्यालाही आता तीस वर्षे उलटून गेली. जुने ते जुनेच." पुढे परीक्षक आले. त्यांनी खालचा पत्रा, ब्रेक आणि दिवे बारकाईने तपासले, आत डोकावून मसाल्याच्या फळीकडे पाहिले आणि 'एच' अक्षराची शिफारस केली.

राहिलेली कामे स्त्रियांच्या देखरेखीखाली झाली. गाद्यांतील फोमचा भुगा झाला होता. तो टाकून नवा भरला. हिरव्या चौकड्यांच्या मूळ कापडाची हुबेहूब नक्कल आता विकत मिळते, तिच्या खोळी शिवल्या. छपराच्या कॅनव्हासला नवी शिवण घातली. शेगडीची रबरी नळी चांगली दिसत असूनही काढून टाकली, कारण अशा नळीला ठराविक आयुष्य असते आणि डोळ्यांना ते दिसत नाही. वायूची जोडणी जाणकाराकडून तपासून घेऊन त्याचा दाखला कपाटात ठेवला. पडदे मात्र विहीणबाईंनी नवे करू दिले नाहीत. जुने धुतले, विरले होते तेथे रफू केले, इस्त्री केली आणि स्वतःच्या हाताने लावले.

पहिला प्रवास कोठे करावयाचा हे त्यांनी आधीच ठरविले होते. पतीला दक्षिणेचे वेड, म्हणून एवढ्या वर्षांत गाडी कायम दक्षिणेकडेच गेली. दारावरून वाहणारी एम्स नदी समुद्राला कोठे मिळते हे पाहण्याची विहीणबाईंची इच्छा राहून गेली होती. जूनच्या अखेरीस कन्या व जावई पुढे, आम्ही उभयता आणि विहीणबाई मागे, अशी गाडी उत्तरेकडे निघाली. एम्स ही काही मोठी नदी नव्हे. सुमारे ३७० किलोमीटरांचा तिचा प्रवाह. लिंगेन, मेपेन मागे टाकीत आम्ही पापेनबुर्गला आलो. तेथे समुद्रापासून इतक्या आत, शेतांच्या पलीकडे, जहाजबांधणीच्या कारखान्याच्या प्रचंड इमारती दिसतात. तेथील अजस्र प्रवासी जहाजे याच नदीतून हळूहळू समुद्रात नेली जातात. पुढे लेअर, आणि मग एम्डेन. येथील लोक चहाचे मोठे भोक्ते. कपात खडीसाखरेचा खडा ठेवायचा, त्यावर कडक चहा ओतायचा, खडा तडतडला की वरून साय सोडायची आणि ढवळायचे नाही. त्या चहात बहुतांशी आपल्या आसामची पत्ती असते. आम्ही तो व्याह्यांच्या शेगडीवर, त्यांच्या आकड्यावरची किटली उतरवून केला.

संध्याकाळी बांधावर उभे राहून नदीचे मुख पाहिले. मांडवीचे मुख पाहणाऱ्या डोळ्यांना तेथे डोंगर नाही, माड नाही, याची उणीव भासते. पाणी, चिखल आणि आकाश यांच्या तीन करड्या पट्ट्या, आणि दूरवर हॉलंडचा किनारा. विहीणबाई बराच वेळ पाहत होत्या. "एवढेच?" असे म्हणून त्या हसल्या, आणि आम्हीही.

रात्री पाऊस आला. कन्या व जावई वर छपरात निजले होते. आम्हां उभयतांसाठी शेजारी तंबू ठोकला होता, परंतु पाऊस वाढला तेव्हा विहीणबाईंनी आम्हांस हाक मारून आत घेतले. तिघे बाकावर दाटीवाटीने बसलो. छपरावर सरींचा ताशा वाजत होता. विहीणबाईंनी दिवा न लावता खिडकीच्या खालच्या पाटीवर तळहात ठेवला, मग दुसऱ्या खिडकीखाली, मग दारापाशी, आणि शेवटी खाली वाकून बाकाखालच्या पेटीच्या झाकणावर. सगळीकडे कोरडे होते. त्यांनी आमच्या अंगावर एक पांघरूण टाकले, आणि थोड्याच वेळात त्यांना बसल्या जागी झोप लागली.